प्रेत घरातच का ठेवले?

अपराधापेक्षा तो लपवणे अधिक ओंगळ असते. रहस्यकथा लिहिणाऱ्या आईची कादंबरी नेमकी तिथेच अडली होती. खुन्याने प्रेत घरातच का ठेवले, याचे कारण संपादकांना काही केल्या पटेना.

त्या दुपारी दुर्गंधीचा माग काढत तिने लेकीचे कपाट उघडले. कपड्यांमागे शाळेचा जुना डबा होता. भातावर हिरवी लव उगवली होती आणि तळाशी अळ्या वळवळत होत्या. तिने नाक दाबले.

"शी! संपवला म्हणाली होतीस ना गं? निदान फेकून तरी द्यायचं!"

"तू पहाटे उठून केला होतास ना, आई. खाववेना मला, पण टाकवेनासुद्धा."



नाक दाबूनच आईने खुन्याला तेच कारण दिले. मायलेकी उदंड जगोत. डब्याला सद्गती लाभो.