सकाळची डबी

“जंतू तसेच आहेत, धुडकू. औषध तुला लागूच पडत नाही.”

दवाखान्यातून घरी आलेल्या सिस्टर शांताबाई उभ्या उभ्याच बोलल्या. धुडकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा खोकला केव्हाच गेला होता. अंगावर मांस धरलं होतं. तपासणी साफ आली की पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये, रंगखात्यात परत घेतो, असं तिथल्या मास्तरानं कबूल केलं होतं. प्लेगचं साल सरलं तरी त्या धसक्यानं मास्तर टीबीच्या माणसाला दारात उभं करत नव्हता.

धुडकूची बायको मंदा लेकराला पाजत बसली होती. ती तशीच उठली. दारापर्यंत गेली. परत येऊन बसली. जात्याच्या काठावर अडकलेल्या दाण्यासारखा तिचा जीव, ना आत ना बाहेर.

शांताबाईंनी फिरवून फिरवून विचारलं. गोळ्या चुकवल्या का, गटारीत टाकल्या का, मध्येच गावाला पळालास का. धुडकू चिडला.

“तुमच्या गोळीनं लघवी भगवी व्हायची, सिस्टर. ती काय मी मिलच्या रंगानं रंगवली?”

शांताबाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. मग त्या हळू आवाजात सांगू लागल्या. काही जंतू हट्टी असतात, साध्या गोळ्यांना जुमानत नाहीत. आता मोठ्या दवाखान्यात भरती व्हायचं. महिनोन्‌महिने इंजेक्शनं. त्यानं कुणाकुणाचे कानही जातात. तोवर मिलचं नाव काढायचं नाही.

धुडकू बायकोकडे वळला. मंदाचे डोळे वाहताना दिसले तसा म्हणाला, “तुले काय व्हयनं? तू काबर रडस?”

मंदानं तोंडावरचा पदर काढला.

“यांना नका नेऊ, सिस्टर. तुम्हीच बोलल्या होत्या, नुसती थुंकी चालत नाही, सकाळी उठल्या उठल्या छातीतला बेडका पाहिजे. हे खाकरून खाकरून थकले, काही निघेचना. तपासणीची डबी रिकामी पाहून तुम्ही रागावाल, मास्तर यांना घेणार नाही... मला जरासा खोकला होता. म्हटलं, माझा तर चांगलाच निघणार.” ती अडखळली. “ती डबी मी भरली.”

शांताबाईंची नजर धुडकूवरून सुटली. मंदावर गेली, आणि तिच्या छातीला बिलगून निवांत दूध पिणाऱ्या लेकरावर थांबली.