जेवल्याचा निरोप

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने निरोपांची एकशे बारा कामं मुकाट्याने घेतली आणि एकशे तेराव्याला अडून बसली.

संगणक सांभाळणाऱ्या तेजश्रीने कपाळाला हात लावला. वडवणीच्या त्या वसतिगृहात ऊसतोड कामगारांची लेकरं राहत. आईबाप सहा महिने कोल्हापूरकडच्या फडात. रोज हजेरी भरली, की रात्री आठच्या ठोक्याला कार्यालयातला संगणक प्रत्येक आईच्या फोनवर आपोआप निरोप धाडी: अमका जेवला, तमकी जेवली, काळजी नसावी. गेल्या वर्षी सॉफ्टवेअर बदलताना एक दिवस निरोप चुकले, तर एक बाप कोयता टाकून मिळेल त्या ट्रकने इथवर आला होता. म्हणून यंदा तेजश्री ताकही फुंकून पीत होती. जुन्याची नक्कल जपून ठेवली, चाचणी आधी स्वतःच्याच फोनवर घेतली.

अडलेलं काम शिवकन्या नावाच्या मुलीचं होतं. यंदाच्या हजेरीत ती नव्हतीच. तरी जुनी आवृत्ती तिच्या आईला रोज कळवत होती, शिवकन्या जेवली. आधीच्या ऑपरेटरने हजेरीची अट काढून टाकली होती आणि शेजारी लिहिलं होतं: गुरुजींच्या सांगण्यावरून.

तेजश्री तडक अधीक्षकांकडे गेली. बिभीषण गुरुजी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते.

"गुरुजी, ही शिवकन्या इथे आहे का?"

"न्हाई."

"तिच्या आईला ठाऊक आहे?"

गुरुजींनी मेथीची पुढची जुडी ओढली. "तिला आता काय कळायचं," ते म्हणाले. "तेवढा एक निरोप ऱ्हाऊ द्या, ताई."

इथे पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पोरीचं काहीतरी वाईट झालंय आणि गुरुजी आईला खोटं सांगून गप्प बसवतायत. तेजश्रीचा संताप झाला. तिने ते काम नव्या आवृत्तीत घेतलंच नाही.

आठ वाजता एकशे बारा निरोप गेले. एकही चुकला नाही. आता ती आई फोन करेल आणि आपण तिला खरं सांगू, असं तेजश्रीने ठरवलं.

साडेआठला फोन वाजला. अडलेल्या कामातला तोच नंबर.

"शिवकन्येच्या आई का?" तिने हळूच विचारलं.

पलीकडचा आवाज कोवळा होता. "न्हाई, मीच शिवकन्या. आई गेल्या साली वारली. कोयत्यावर तिच्या जागी आता मीच हाय." मग थोडं थांबून, "ताई, गुरुजींना इचारा ना, आज माझं जेवल्याचं कळवायचं ऱ्हायलं का? मी कवाची ताट वाढून बसलेय."