तिसरी काडी

"तिसरी काडी कुणी मागायची नाही," मिसेस हेस्केथनी सुरुवातीलाच बजावलं. तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या, पेटवायला एक मिनिट. मग ज्याचा पाइप सगळ्यांत शेवटी विझेल, त्याला चषक. "स्पर्धेतल्या माणसाला माझ्याकडून काडी मिळणार नाही. पायाशी लोळण घेतली तरी नाही." आणि त्यांनी हातातलं घड्याळ सुरू केलं.

पबच्या माडीवर चौदा म्हाताऱ्यांनी एकदम धूर सोडला. खिडकीतून दिसणारा समुद्र दिसेनासा झाला.

विल्फ एंटविसल खिडकीशीच बसला होता. त्याच्याकडे एकतीस पाइप होते आणि त्यांतला एकही, खरं म्हटलं तर, त्याचा नव्हता. एक रेडिओवरच्या विनोदवीराच्या धाटणीचा, आखूड नि ढब्बू. एक जादूगार ओढायचा तसला, वाकडा. पाइप बदलला की विल्फची बसायची ढबसुद्धा बदलायची. आज त्याने सिनेमातल्या एका गायकाच्या धाटणीचा आणला होता, लांब सडपातळ दांडीचा. तसला पाइप ओठात धरून तो गायक बायकांना वाटेल ते सांगायचा, आणि बायका ऐकायच्या.

विल्फलाही आज एका बाईला सांगायचं होतं. ती बाई हातात घड्याळ घेऊन समोर उभी होती. तिचं तंबाखूचं दुकान गेल्याच शनिवारी बंद झालं होतं, आणि चार वाजता तिचा मेव्हणा गाडी घेऊन येणार होता. एकदा ती दूर टॉर्कीला बहिणीकडे राहायला गेली की गेली. चषक जिंकायचा आणि तो हातात असतानाच बोलून टाकायचं, असं विल्फने ठरवलं होतं. रिकाम्या हाताने बोलायची त्याची छाती नव्हती.

"आज कोण आलंय? गायक का?" समोरून क्लिफर्ड पिलिंगने विचारलं. हा खाटीक सलग सहा वर्षं जिंकत आलेला. "एवढीशी वाटी त्या पाइपाची! चहा यायच्या आत राम म्हणेल."

"हं," विल्फ म्हणाला. प्रश्न अडचणीचा असला की पाइप दातांत धरायचा आणि 'हं' म्हणायचं, हा त्याचा जन्माचा शिरस्ता.

"त्यांना कमी समजू नका," मिसेस हेस्केथ म्हणाल्या. "दर मंगळवारी एक डबा न्यायचे. पंचवीस वर्षांत एवढी तंबाखू ओढणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. खोकत कसे नाहीत, कोण जाणे!"

विल्फ पुन्हा 'हं' म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

पाइप विझला की ज्याचा त्यानेच हात वर करायचा, असा तिथला रिवाज. एकेक हात वर जात राहिला. पावणेचारला दोघंच उरले, क्लिफर्ड आणि विल्फ. दोघांच्याही वाटीत आता मसुराएवढा निखारा असेल नसेल. अशा वेळी कुणी बोलत नाही. बोलायला पाइप ओठातून काढला की तो गेलाच.

खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

"आले वाटतं," मिसेस हेस्केथ म्हणाल्या. त्यांनी कोट चढवला. घड्याळ मात्र कुणाच्या हाती दिलं नाही. त्या विल्फच्या टेबलाशी आल्या. "मिस्टर एंटविसल, दुकानातलं काचेचं कपाट तसंच पडलंय. तुमच्या पाइपांना हवंय का?"

"हं."

"बरं. आणखी काही सांगायचंय?"

"तोंड उघडू नकोस रे बाबा," क्लिफर्ड दातांतून पुटपुटला. "विझेल."

"हं," विल्फ म्हणाला.

मिसेस हेस्केथ हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. त्या दाराकडे वळल्या. भोंगा पुन्हा वाजला.

विल्फने पाइप ओठातून काढला. गायकासारखा नाही, घशात अडकलेला काटा काढावा तसा.

"जाऊ नका," तो म्हणाला. गायकाची वाक्यं त्याने आठवडाभर पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. "एनिड, माझ्या जिन्याखाली डबे आहेत. तुमच्या दुकानातले. पाचशेच्या वर असतील. फोडलेसुद्धा नाहीत मी. मी दिवसाला एकदाच ओढतो, तेही अर्धी वाटी. दर मंगळवारी मी तंबाखूसाठी येत नव्हतो हो."

क्लिफर्डच्या तोंडातून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. त्याने पाइप विझू दिला नाही, पण डोळे मात्र पुसले. धुराने असेल.

विल्फने हातातल्या वाटीत बोट घातलं. राख कोमट होती. रिवाज तो रिवाज. त्याने हात वर केला.

"चार वाजून दोन मिनिटं. मिस्टर एंटविसल बाद," मिसेस हेस्केथ म्हणाल्या. आवाज थोडा हलला, पण वेळ त्यांनी बरोबर सांगितली. भोंगा आता थांबायचं नाव घेत नव्हता. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, खुर्ची विल्फसमोर ओढली आणि पर्समधून काड्यांची पेटी काढली.

"काडी? मला?" विल्फ म्हणाला. "आणि तुमचा नियम?"

"नियम स्पर्धेतल्या माणसाला," त्या म्हणाल्या आणि एक काडी त्याच्यापुढे धरली. "तुम्ही आता सुटलात. भरा पाइप. आणि विल्फ, या वेळी पूर्ण वाटी भरा."