क्वालिटी रूममधली गोगलगाय

चाकणच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने डबी उघडून पाहिली आणि पार्टचं नाव विचारलं. नाव माहीत असतं तर इथे कशाला आले असते, हे स्वरूपाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या नवऱ्याने, प्रज्वलने, काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

गुरुवार, कंपनीला सुट्टी. प्रज्वलच्या क्वालिटी रूममध्ये, बारीक पार्ट तपासायच्या सूक्ष्मदर्शकापाशी, दोघंच होती. कॉलेजातला सूक्ष्मदर्शक दिवाळीपासून बंद पडलेला, आणि त्यापायी तिच्या पीएच.डी.चं घोडं अडलं होतं.

डबीत समुद्री गोगलगाय होती. कोकणातल्या एका खाडीत, समुद्रगवताखालच्या वाळूत दडून बसलेली मिळाली, ती एकच. तिथे आता जेटीचा भराव पडलाय. गवत गेलं, वाळूही गेली. हुबेहूब अशाच दिसणाऱ्या दोन जाती आहेत. फरक फक्त अंगाच्या आत लपलेल्या कवचात. ते दोन्हींपेक्षा वेगळं निघालं, तर ही जात नवी, आजवर कुणी नाव न दिलेली. या आशेने स्वरूपाची झोप उडाली होती. मोशीला घरी सासूबाईंचं आपलं एकच, "आगं, गोगलगाय ती गोगलगाय. तिला आनखी काय नाव आसतंय?"

तिने श्वास रोखून ब्लेडने गोगलगाय चिरली. कवच अख्खं निघालं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ते ठेवून ती पीएच.डी.च्या गाईड मॅडमना व्हिडिओ कॉल लावायला दाराशी गेली. आत रेंज जेमतेम, कॉल लागत नव्हता.

प्रज्वलची उमेदीची वर्षं याच टेबलावर गेलेली. ओला पार्ट भिंगाखाली घ्यायचा नाही, हे त्याच्या हातात मुरलेलं. त्याने टिश्यूने थेंब टिपला, एअरगन उचलली आणि सवयीने हवेचा झोत मारला.

"बघ आता. एकदम क्लीन."

स्वरूपाने भिंगाला डोळा लावला. काच खरंच लख्ख होती.

"काही दिसत नाहीये गं," फोनमधून मॅडम म्हणत होत्या, "जरा जवळ घे."

तिने फोन बंद केला. प्रज्वलला धरून बदडावं असं तिला वाटलं. आपल्यालाही. हवा कुठल्या बाजूला मारलीस, एवढंच तिने विचारलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याचा चेहरा उतरला.

त्याने ड्रॉवरमधून दांड्याचं चुंबक काढलं. पडलेले बारीक स्क्रू इथे त्यानेच शोधत. गुडघ्यांवर बसून तो टेबलाखालून चुंबक फिरवू लागला. लोखंडाचा कीस चिकटून येई, तो झटकून पुन्हा फिरवी.



"ते लोखंडाचं नाहीये, प्रज्वल."

"माहितीये," तो म्हणाला, आणि चुंबक घेऊन पुढच्या टेबलाखाली सरकला.