जोसेफचा उजवा हात

फिलिपिन्समधल्या बोहोल बेटाच्या किनाऱ्यावरच्या सिस्टरांच्या शाळेत संत जोसेफच्या सणाला चित्रांचं प्रदर्शन होतं. "आपापल्या बाबांसारखा जोसेफ काढा गं," असं नेनिताबाईंनीच वर्गात सांगितलं होतं.

तिसरीतल्या मारिसेलचा सुतार जोसेफ झकास जमला होता, फक्त त्याला उजवा हातच नव्हता. पोर घाईत विसरली असणार! बिशप येणार म्हणून बाईंनी स्वतःच ब्रश उचलला आणि छानसा हात रंगवून टाकला.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. एरवी शाळेत मारिसेलची आई यायची. आज पहिल्यांदाच बाप आला. त्याच्या शर्टाची उजवी बाही रिकामी लोंबत होती. मासे मारायला समुद्रात टाकायचा सुरुंगाचा बार कधीतरी हातातच फुटला होता.

तो चित्रातला उजवा हात बघत उभा राहिला.

"बाबा, हा हात मी नाही रे काढला! बाई, तुम्ही सांगा ना!"

शेजारी बिशप त्या हाताचंच कौतुक करत होते. बाईंनी बिशपांकडे बघून नुसती मान लववली.



बापानं डाव्या हातानं लेकीचे डोळे पुसले. "असू दे गं बाळा. चारचौघांत बापाची लाज वाटायचीच."