खुर्ची असलेली दुकानं

“अय्या, आई, हे कुलूप बघा ना किती गोड आहे!” म्हणत सून एका दुकानासमोर थबकली.

कुलूप गोड वगैरे काही नव्हतं. गोदामाला लावतात तसलं काळंकुट्ट, नारळाएवढं धूड होतं ते. पण दुकानात गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि सुनेला कुलपाशी नाही, त्या खुर्च्यांशी मतलब होता.

जुनी पेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पायीच बघायची. गाड्यांना आत मनाई. खाली दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना पणजोबांच्या काळातली दुकानं, मधोमध घड्याळाचा मनोरा. मुलाने दोघींना अलीकडे उतरवलं होतं आणि तो गाडी घेऊन पलीकडच्या टोकाला गेला होता. चार दिवसांसाठी राहायला आलेल्या आईला पेठ दाखवायची, असा त्याचा बेत होता.

सासूबाई चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यात शिट्टी असल्यासारख्याच चालायच्या. गुडघे मात्र पार कामातून गेले होते. दर दहा मिनिटांनी बसत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी “बरं” म्हटलं होतं आणि दवाखान्यातून चालत घरी आल्या होत्या. त्यांना कुणी ‘बसा’ म्हटलं की त्या हमखास उठत. म्हणून सुनेने ही युक्ती काढली होती: खुर्ची दिसली की वस्तूच्या प्रेमात पडायचं.

सुनेला दिवस गेले होते, पण ते नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी तिने हौसेने सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, आणि पंधरा दिवसांत त्याच सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले होते. सासूबाईंना केलेला फोन तिला अजून आठवे. तोच सगळ्यांत अवघड गेला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. या वेळी तीन महिने पुरे होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. नऊ दिवस उरले होते.

कुलूप झालं, मग बुकबाइंडर झाला. मग छत्र्या दुरुस्त करणारा, मग बटणांचं दुकान. तिथे सुनेने चाळीस प्रकारची बटणं उलटसुलट करून पाहिली. सासूबाई आपल्या निवांत.

“बघ हो नीट. घाई काय आहे?” त्या म्हणाल्या आणि दुकानदाराकडे वळल्या. “अहो, हिला पाणी द्या जरा. आणि ती पाठीची खुर्ची इकडे सरकवा.”

उभ्या जन्मात ज्या बाईने दुकानाची पायरी चढण्याआधी भाव विचारला, ती आज अशी! फार दुखत असणार, सून मनात म्हणाली. पुढच्या दुकानात तर सासूबाई स्वतःच शिरल्या आणि एक पितळी नरसाळं घेऊन बाहेर आल्या. घरात नरसाळ्याने ओतण्यासारखं काहीही नव्हतं. सुनेने नरसाळ्याचं तोंडभर कौतुक केलं. पिशवी आता चांगलीच जड झाली होती. ती सासूबाईंनी तिच्या हातातून ओढूनच घेतली. “आण इकडे. तू वेंधळी, कुठेतरी पाडशील.”

मनोऱ्यापाशी लोक वर जायला रांग लावून उभे होते. ऐंशी पायऱ्या होत्या. टेकडी दिसली की चढायची, हा सासूबाईंचा खाक्या. सुनेने घाईघाईने आजूबाजूला एखादी खुर्ची दिसते का पाहिलं.

“वर काय असणार? वाराच ना?” सासूबाई म्हणाल्या. “तो इथेही येतोय.” आणि चालू लागल्या.

सुनेचा जीव भांड्यात पडला, पण वाईटही वाटलं. त्या खमक्या बाईवर तिचा फार जीव होता.

पेठ संपली ती बावीस दगडी पायऱ्यांपाशी. वर गाडी दिसत होती, गाडीला टेकून उभा असलेला मुलगा दिसत होता. पण इथे दुकान नव्हतं, खुर्ची नव्हती, प्रेमात पडावं असं काही म्हणजे काही नव्हतं. सुनेला आता काय करावं ते सुचेना. चढावर तिचा स्वतःचाच श्वास जड व्हायला लागला होता. नकळत तिने एक हात पोटावर धरला.

अकराव्या पायरीवर सासूबाई थांबल्या. वरून मुलाने हाक मारली, तर त्याला हातानेच ‘थांब’ म्हणून खूण केली. मग पिशवीतून रुमाल काढून पायरीवर अंथरला.

सुनेला राहवलं नाही. डोळे भरून आले. “आई, सांगायचं नाही का हो? मघापासून मी बघतेय, गुडघ्यांमुळे तुम्हाला सारखं थांबावं लागतंय. एवढं दुखत होतं तर आलोच नसतो आपण.”

सासूबाईंनी तिला दंडाला धरून रुमालावर बसवलं. पिशवी तिच्या पाठीमागे उशीसारखी लावली. नरसाळं टोचणार नाही अशा बेताने ते काढून बाजूला ठेवलं. मग स्वतः तिच्या शेजारी उघड्या दगडावर टेकल्या आणि पोटावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

“गुडघे बारा वर्षं दुखतायत,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासाठी मी कधी थांबलेय का गं?”