लाईट गेली वाटतं

“लहान पुरे,” ऑपरेटरकाका म्हणाले. “एकट्या माणसाला मोठा कशाला?”

बॅटरीवाल्याने दोन खोकी आणली होती, एक लहान, एक मोठं. “काका, हा यूपीएस आहे, पातेलं नाही. माणसं बघून घेत नाहीत, मशीन बघून घेतात.” त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. “कॉम्प्युटर, स्क्रीन, राउटर. लहानावर जेमतेम सगळं नीट बंद करण्यापुरता वेळ मिळेल. मोठ्यावर अर्धा तास आरामात बोला. आणि ताईंनी फोनवर मोठाच सांगितलाय.”

ताई म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, दूर परदेशात राहणारी. दर रविवारी दुपारी ती कॉम्प्युटरवर दिसायची आणि बोलता बोलता इकडची लाईट जायची. वैतागून तिने वीज कंपनीला तक्रारींवर तक्रारी धाडल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! लाईट जात नव्हतीच. काका घालवायचे. डोळे भरून आले, की ‘लाईट गेली वाटतं’ असं पुटपुटत ते टेबलामागच्या भिंतीवरचं प्लगांचं बटण बंद करायचे. स्क्रीन काळी. मग रडायला मोकळे. बायको गेल्यापासून त्यांनी एवढी एकच गोष्ट सांभाळली होती, की आपण रडताना पोरीला दिसायचं नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे कॉल जोडून दिलेला माणूस म्हातारपणी स्वतःचा कॉल तोडायला शिकला होता.

“या भागात लाईट जाते म्हणजे नवलच,” बॅटरीवाला मोठं खोकं उघडत म्हणाला. “खालचा दुकानदार तर म्हणाला, कधीच जात नाही.”

“जाते. रविवारी जाते.”

“फक्त रविवारी?”

“तुम्ही चहा घेणार का?” काकांनी विचारलं.

बॅटरीवाला हसला आणि कामाला लागला. त्याने बॅटरीची सुटी ठेवलेली तार आत जोडली, झाकण बसवलं, जड डबा टेबलाखाली सरकवला आणि भिंतीतला एकेक प्लग काढून त्या डब्यात खोचायला सुरुवात केली. काका शेजारी उभे राहून बघत होते. राउटरची पाळी आली तसे ते घाईने म्हणाले, “तो राहू द्या भिंतीवरच. उगाच बॅटरीवर भार.”

“मग सगळंच मुसळ केरात! लाईट गेली की कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. ताई मला फाडून खातील.” त्याने राउटरही डब्यात खोचला. तेवढी एक पळवाट होती, तीही बुजली.

शेवटी त्याने डब्याचा प्लग भिंतीत लावला, कॉम्प्युटर सुरू केला आणि भिंतीवरचं तेच बटण बंद केलं. डबा टुक् टुक् करायला लागला. स्क्रीनला मात्र काही झालं नाही. “असा कोकलला की समजायचं, लाईट गेली. तुम्ही खुशाल बोलत राहा,” तो म्हणाला. त्याने बटण पुन्हा चालू केलं, खोकी उचलली आणि गेला. चहा राहूनच गेला.

त्याची पाठ वळते न वळते तोच कॉम्प्युटर वाजला.

“बसवलं ना?” मुलगी खूश होती. “आता बघू, कशी मध्ये कडमडते ती लाईट!”

“बसवलं. माणूस चांगला होता.”

“बाबा, एक विचारायचंय. दर वेळी इथपर्यंत आले की लाईट जाते.”

“विचार की.”

तिने चष्मा काढून हातात धरला. “आईशिवाय करमतं का हो तुम्हाला?”

काकांना करमत नव्हतं. मुळीच करमत नव्हतं. दुपारी ते आतल्या खोलीत रेडिओ लावून बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. आत कुणीतरी बोलतंय असं वाटायचं, मग तेवढ्यापुरता डोळा लागायचा. हे सांगावं की सांगू नये, याचा विचार करेपर्यंत हात आपोआप स्क्रीनमागच्या बटणाकडे गेला.

“लाईट गेली वाटतं,” ते म्हणाले आणि त्यांनी बटण बंद केलं.

टेबलाखाली टुक् झालं. स्क्रीन लख्ख चालू होती. यूपीएस आल्याचं त्यांच्या हाताला अजून कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत एक म्हातारा ओठ आवळून रडत होता. असा दिसतो आपण? त्यांनी कॉल बंद करायला माउस चाचपला, तर डोळ्यांतल्या पाण्याने बाणच दिसेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यांनी बोटांच्या फटीतून पाहिलं. मुलगी त्यांच्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या डोक्याच्या वर, खोलीच्या छताकडे बघत होती.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “लाईट गेली ना? मग मागचा पंखा कसा फिरतोय?”